विश्लेषण : व्हॉल्व्ह रेडिओचा स्पीकर आणि पॉवर सप्लाय गायब असेल, तर तो पुन्हा बोलू शकतो का?

माळा आवरताना, वाडा पाडताना किंवा जुन्या बाजारात हिंडताना एखादा मोठा लाकडी रेडिओ हाती लागतो. पेटी ठीक असते, डायलची काच शाबूत असते, बटणेही जागेवर असतात. मागचा भोकांचा पुठ्ठा काढला की खरा प्रकार कळतो. स्पीकरच्या जागी रिकामे वर्तुळ आणि चार लोंबणाऱ्या वायरी. कोपऱ्यातला जड ट्रान्सफॉर्मर कोणीतरी पूर्वीच काढून नेलेला. ‘काही होणार नाही, शोभेला ठेवा’ असा सल्ला इथेच मिळतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. गायब झालेले हे दोन भाग रेडिओतले सगळ्यात जड भाग आहेत, सगळ्यात अवघड मात्र नाहीत. पण त्यांच्या जागी ‘मापाचे दिसते ते’ बसवले, तर उरलेला रेडिओही जळतो आणि काही प्रकारच्या रेडिओंत माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून आधी समजून घ्यायचे आणि मग पेचकस हाती घ्यायचा.

नेमके हेच दोन भाग का नाहीसे होतात?

कारण तांबे. पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि जुना स्पीकर यांत तांब्याची तार आणि लोखंड भरपूर. भंगारात वजनावर पैसे मिळतात आणि व्हॉल्व्हच्या काचेला कोणी विचारत नाही. दुसरे कारण दुरुस्तीवाल्यांचे. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह रेडिओ कोपऱ्यात गेले आणि त्यांचे चांगले स्पीकर दुसऱ्या सेटला किंवा घरगुती अॅम्प्लिफायरला जोडले गेले.

फार जुन्या सेटचे कारण आणखी सरळ आहे. १९२० च्या दशकात स्पीकर आणि पॉवर सप्लाय रेडिओच्या पेटीत नसायचेच. मुंबईत जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळातल्या सेटचा कर्णा टेबलावर वेगळा आणि बॅटऱ्या टेबलाखाली. अमेरिकेतल्या अॅटवॉटर केंट कंपनीचा १९२४ चा मॉडेल २० घ्या. त्याच्या लांबट पेटीत पाच व्हॉल्व्ह आहेत, पण आवाज काढणारे आणि वीज देणारे काहीच नाही. शंभर वर्षांत पेटी टिकली, बाकीचे घर बदलताना गळाले.

व्हॉल्व्ह रेडिओला वीज नेमकी किती लागते?

मोबाइलला ५ व्होल्टचा एक पुरवठा पुरतो. व्हॉल्व्हला दोन वेगळे पुरवठे लागतात. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातला कॅथोड तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तापवण्यासाठी कमी दाबाची, पण भरपूर प्रवाहाची वीज लागते. हा झाला हीटरचा पुरवठा, बहुतेक सेटमध्ये ६.३ व्होल्ट एसी. सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या पट्टीकडे, म्हणजे अॅनोडकडे, ओढून घ्यायला २०० ते ३०० व्होल्ट डीसी लागते. जुने मेकॅनिक त्याला ‘एचटी’ म्हणतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर दोन्ही तयार करतो, रेक्टिफायर व्हॉल्व्ह एचटीचे डीसी करतो आणि कंडेन्सर-चोक त्यातली थरथर गाळतात.

एचटीचा प्रवाह फार नसतो, ५० ते १०० मिलिअँपिअर. पण २५० व्होल्टला तेवढाही माणसाला मारायला पुरेसा आहे. शिवाय सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये हा भार राहतो. म्हणून हात घालण्याआधी साधारण १० किलो-ओहमचा रोध (रेझिस्टर) लावून तो रिकामा करायचा आणि मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करायची. पेचकसाने ठिणगी काढून ‘डिस्चार्ज’ करण्याची हौस मेकॅनिक मंडळींत आहे. ती कंडेन्सरलाही सोसत नाही.

ट्रान्सफॉर्मरच नसेल तर त्याचे माप कसे काढायचे?

उत्तर उरलेल्या व्हॉल्व्हवरच छापलेले असते. प्रत्येक व्हॉल्व्हच्या नावावरून त्याचा हीटर कळतो. युरोपीय पद्धतीत नावाचे पहिले अक्षर ‘ई’ असेल, तर हीटर ६.३ व्होल्टचा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या एखाद्या नेहमीच्या सेटमध्ये ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि रेक्टिफायर ईझेड ८० असे पाच व्हॉल्व्ह आहेत असे समजा. त्यांचे हीटर अनुक्रमे ०.३, ०.३, ०.२३, ०.७६ आणि ०.६ अँपिअर घेतात. बेरीज २.१९ अँपिअर. म्हणजे ६.३ व्होल्टची ३ अँपिअरची वाइंडिंग हवी. एचटीसाठी २५०-०-२५० व्होल्ट, ८० मिलिअँपिअर. एवढे कागदावर लिहून नेले की ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणारा कारागीर नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतो. इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरची कामे करणारी अशी दुकाने आजही जिल्ह्याच्या गावी सापडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात विचारपूस केली की पत्ता लागतो.

अमेरिकी पद्धतीच्या सेटमध्ये ५ वाय ३ सारखा रेक्टिफायर असेल, तर त्याच्यासाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरची आणखी एक स्वतंत्र वाइंडिंग लागते. ही विसरली जाते. तिच्यावर एचटीचा पूर्ण दाब असतो, म्हणून ती बाकीच्या वाइंडिंगपासून नीट इन्सुलेट केलेली हवी, हे कारागिराला आवर्जून सांगावे लागते.

गुंडाळून घ्यायची सोय नसेल, तर एक जुगाड अभियांत्रिकीच्या पुस्तकातही बसतो. २३० व्होल्टचे १२ करणारे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावायचे. पहिला २३० चे १२ करतो, दुसरा उलटा जोडलेला असल्याने १२ चे पुन्हा २३० च्या जवळपास करतो. मधल्या घटीमुळे थोडे कमी मिळते, पण ते मेन्सपासून वेगळे झालेले असते आणि ब्रिज रेक्टिफायर लावला की एचटी तयार होते. हीटरसाठी तिसरा, ६ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर. ६.३ च्या जागी ६ चालतात, कारण हीटरला १० टक्क्यांची मुभा असते.

रेक्टिफायर व्हॉल्व्हही गेला असेल, तर त्याच्या जागी १ एन ४००७ हा काही रुपयांचा डायोड लावता येतो. इथे एक मेख आहे. व्हॉल्व्ह स्वतःच काही व्होल्ट खातो आणि तापायला वेळ घेतो. डायोड यातले काहीच करत नाही, त्यामुळे बटण दाबताच एचटी वाढीव दाबाने धडकते. म्हणून डायोडसोबत मालिकेत रोध हवाच. किती ओहमचा, ते मोजून ठरवायचे. एचटी मूळ आकड्यावर आली की तो बरोबर. फिल्टर कंडेन्सरच्या बाबतीत उलटी हौस दिसते. ‘मोठा लावू, आवाज स्वच्छ येईल’ म्हणून २२० मायक्रोफॅरड ठोकला जातो. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो. त्यापुढे सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही.

स्पीकर तर कुठलाही चालेल ना?

इथेच सगळ्यात जास्त रेडिओ मरतात.

आजच्या स्पीकरच्या पाठीमागे कायमचे चुंबक असते. पण तसे ताकदवान चुंबक पूर्वी स्वस्तात मिळत नव्हते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला, तेव्हा चुंबक विजेचेच होते. जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियमचे ताकदवान चुंबकीय मिश्रण शोधले. पुढे अल्निको म्हणून ओळखल्या गेलेल्या या मिश्रधातूंच्या घराण्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर कायम चुंबकाचे स्पीकर घरोघरी पोहोचले. त्यामुळे युद्धापूर्वीचा, विशेषतः परदेशातून आलेला सेट असेल, तर त्यातला स्पीकर ‘फील्ड कॉइल’चा असण्याची शक्यता मोठी.

फील्ड कॉइल म्हणजे स्पीकरच्या पाठीतली हजारो वेढ्यांची कॉइल. तिच्यातून रेडिओचा एचटी प्रवाह जातो आणि स्पीकरला चुंबकत्व मिळते. त्या काळच्या अभियंत्यांनी तिच्याकडून आणखी एक काम करून घेतले. हीच कॉइल पॉवर सप्लायमध्ये चोक म्हणून बसवली, म्हणजे डीसीतली थरथर गाळायचे कामही तिचेच. चोकचे पैसे वाचले, एका दगडात दोन पक्षी. पण म्हणूनच या सेटमधला स्पीकर काढला, तर पॉवर सप्लायही अर्धा जातो. ‘स्पीकर नाही आणि रेडिओला वीजच पोहोचत नाही’ ही तक्रार ऐकली की बहुधा हेच असते. चेसिसमधून स्पीकरकडे दोनऐवजी चार किंवा पाच वायरी जात असतील, तर संशय पक्का करावा.

आता हिशोब पाहू. समजा फील्ड कॉइल १५०० ओहमची होती आणि सेट ७० मिलिअँपिअर घेतो. कॉइलवर १०५ व्होल्ट पडत होते. रेक्टिफायर ३५५ व्होल्ट देत होता आणि व्हॉल्व्हना २५० मिळत होते. कोणी त्या दोन वायरी एकमेकींना जोडून नवा स्पीकर लावला, की व्हॉल्व्हना थेट ३५५ व्होल्ट. शिवाय गाळणी गेल्यामुळे ‘घूंऽऽ’ असा आवाज. काही मिनिटे रेडिओ चांगला वाजतो, मग आउटपुट व्हॉल्व्ह किंवा फिल्टर कंडेन्सर जातो.

बरोबर पद्धत अशी : १० हेन्री, १०० मिलिअँपिअरचा वेगळा चोक घ्यायचा. त्याचा स्वतःचा रोध ४०० ओहम असेल, तर उरलेले ११०० ओहम वायरवाउंड रोधाने भरून काढायचे. ७० मिलिअँपिअरला त्या रोधात साडेपाच वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणून १५ किंवा २० वॉटचा रोध, आणि तोही हवा लागेल असा, लाकडापासून लांब. आता कायम चुंबकाचा कुठलाही योग्य स्पीकर चालेल.

मूळ कॉइलचा रोध माहीत नसेल तर? सेटच्या मॉडेलचा सर्किट आराखडा सापडला तर उत्तमच. नसेल तर उलट दिशेने जायचे. आउटपुट व्हॉल्व्हला किती व्होल्ट हवेत ते ठरलेले असते, रेक्टिफायरनंतर किती येतात ते मोजता येते. फरक जेवढा, तेवढे त्या कॉइलवर पडत असणार. काही सेटमध्ये, अमेरिकी फिल्को त्यासाठी ओळखला जातो, ही कॉइल ऋण बाजूला जोडलेली असते आणि तिच्यावरचेच थोडे व्होल्ट आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला बायस म्हणून दिलेले असतात. तिथे एका रोधाच्या जागी दोन रोध विभागून लावावे लागतात. हे न करता सेट चालू केला, तर आउटपुट व्हॉल्व्हला लगाम राहत नाही.

स्पीकर आहे, पण त्याची फील्ड कॉइल तुटली आहे, अशीही वेळ येते. कोकणासारख्या दमट हवेत बारीक तारेला हिरवा गंज धरतो आणि ती कुठेतरी तुटते. अशा वेळी स्पीकर फेकू नये. कॉइल पुन्हा गुंडाळता येते. मूळ तारेची जाडी आणि वजन मोजून तेवढीच नवी तार भरली, की रोधही जवळपास तेवढाच येतो.

छोटा ट्रान्सफॉर्मर विसरलात तर...

स्पीकरच्या पाठीवर काडेपेटीहून थोडा मोठा असा एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. बऱ्याच सेटमध्ये तो स्पीकरलाच जोडलेला असल्यामुळे स्पीकरबरोबर तोही जातो. त्याच्याशिवाय स्पीकर थेट व्हॉल्व्हला जोडता येत नाही, कारण दोघांचा मेळ बसत नाही. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर समोर सुमारे ५२०० ओहमचा भार हवा असतो, जुन्या ६ व्ही ६ ला ५०००, ईएल ४१ ला ७०००. स्पीकर मात्र ४ ओहमचा. ५००० ला ४ ने भागले की १२५०, त्याचे वर्गमूळ ३५. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे प्रमाण ३५ ला १ हवे.

भंगारातल्या रेडिओतून मिळालेला ट्रान्सफॉर्मर चालेल का, हे घरीच तपासता येते. जास्त रोध दाखवणाऱ्या बाजूला १२ व्होल्ट एसी द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला किती येतात ते पाहायचे. ०.३४ व्होल्ट दिसले तर प्रमाण बरोबर ३५. मिळत नसेल, तर आपल्याकडे एक पर्याय फार सोपा आहे. सभा-मिरवणुकीतल्या भोंग्यांना जो १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर लावतात, त्याचा २ वॉटचा टॅप म्हणजे ५००० ओहम. सूत्र साधे, १०,००० भागिले वॉट. साउंड सिस्टिमच्या दुकानात तो सहज मिळतो. त्याच्या गाभ्यात हवेची फट नसते, आणि व्हॉल्व्हचा डीसी प्रवाह सतत वाहत असल्याने लोखंड लवकर भरून येते. परिणामी खर्जाचा आवाज पातळ होतो. बातम्यांना पुरेसा, भीमसेनांना थोडा अन्याय. नवा गुंडाळून घेत असाल तर ‘सिंगल एंडेड, गॅप ठेवून’ असे स्पष्ट सांगावे.

स्पीकर निवडताना गाडीचे ‘३०० वॉट’ लिहिलेले स्पीकर टाळावेत. रेडिओ देतो जेमतेम ३-४ वॉट. तेवढ्यात खोली भरायची तर हलक्या कागदी कोनाचा, जास्त संवेदनशील स्पीकर हवा. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन दाखवतो, त्यामुळे तो बिघडला असे समजू नये.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा : स्पीकर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर न जोडता व्हॉल्व्ह रेडिओ कधीही सुरू करायचा नाही. ट्रान्सफॉर्मर नसला, तर अॅनोडला वीज मिळत नाही आणि सगळा प्रवाह स्क्रीन ग्रिडमधून जातो. ती जाळी लालभडक होते आणि व्हॉल्व्ह संपतो. ‘वीज येते का ते बघू’ म्हणून केलेल्या प्रयोगात चांगले व्हॉल्व्ह असेच जातात.

ट्रान्सफॉर्मर नसलेले रेडिओ : सगळ्यात धोकादायक

काही रेडिओंत पॉवर ट्रान्सफॉर्मर शोधूनही सापडत नाही, कारण तो कधी नव्हताच. पूर्वी काही शहरांत एसी, तर काही भागांत डीसी पुरवठा होता. कोलकात्यात काही वस्त्यांना तर दीर्घकाळ डीसी मिळत राहिली. दोन्हींवर चालावेत म्हणून ‘एसी/डीसी’ सेट बनले. यात सगळे हीटर माळेच्या दिव्यांसारखे एकापाठोपाठ जोडलेले असतात. व्हॉल्व्हच्या नावांचे पहिले अक्षर ‘यू’ असेल, तर हीच जात.

यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१ असा संच घ्या. हीटरचे व्होल्ट १४, १२.६, १४, ४५ आणि ३१. एकूण ११६.६ व्होल्ट, प्रवाह १०० मिलिअँपिअर. मेन्स २३० व्होल्ट, म्हणजे ११३ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत. ते काम करतो ‘मेन्स ड्रॉपर’, चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेला जाड रोध, इथे साधारण ११३० ओहमचा. तो ११ वॉटहून अधिक उष्णता टाकतो आणि गायब भागांच्या यादीत याचाही नंबर वरचा. नव्याने बसवताना २५ वॉटचा रोध घ्यावा. उष्णता नको असेल, तर त्याच जागी १.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चालतो, पण तो थेट मेन्सवर चालण्यासाठी प्रमाणित केलेल्या ‘एक्स-२’ प्रकारचाच हवा.

अमेरिकेतून आलेल्या छोट्या सेटमध्ये तर हा रोध कधी कधी चक्क वायरच्या दोरीतच विणलेला असे. दोरी वापरताना कोमट लागायची. कुणीतरी ‘वायर जुनी झाली’ म्हणून नवी साधी दोरी लावली, की सगळे हीटर एका झटक्यात जात. असा सेट हाती आला आणि दोरी नवी दिसली, तर प्लग लावूच नये. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने अमेरिकी सेटला ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही लागतो.

धोका कुठे आहे? या जातीच्या सेटमध्ये मेन्सची एक वायर थेट चेसिसला जोडलेली असते. प्लग किंवा घरातले वायरिंग उलटे असेल, तर संपूर्ण लोखंडी सांगाडा २३० व्होल्टवर. बटण निघाले आणि बोट धातूच्या दांड्याला लागले की झटका. काही स्वस्त सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर दिसतो, पण तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, तिथेही हाच धोका. अशा सेटवर काम करायचे तर २३० ला २३० देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी हे काम जाणकाराकडे द्यावे. यात कमीपणा नाही.

वीज नसलेल्या गावांतल्या रेडिओंचे काय?

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत रेडिओ आधी आला आणि वीज नंतर. ग्रामपंचायतीत किंवा पाटलांच्या ओसरीवर वाजणारा सेट ड्राय बॅटरीचा असे. एकाच खोक्यात ९० व्होल्टची एचटी आणि दीड व्होल्टची फिलामेंट बॅटरी. ते खोके आता बाजारात मिळत नाही आणि हे सेट ‘कायमचे गेले’ समजले जातात. वास्तविक त्यांच्याइतके सोपे पुनरुज्जीवन दुसरे नाही.

९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या, ज्यांची बटणे एकमेकींत अडकतात, ओळीने जोडल्या की ९० व्होल्ट. सेट साधारण १२ मिलिअँपिअर घेत असेल, तर चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या चाळीसेक तास पुरतात. फिलामेंटसाठी एक मोठा दीड व्होल्टचा सेल. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ हा संच मिळून फक्त १२५ मिलिअँपिअर घेतो. पण चुकून ९० व्होल्टची वायर फिलामेंटला लागली, की चारही व्हॉल्व्ह डोळ्यांदेखत जातात. म्हणून दोन्ही जोडण्यांना वेगवेगळ्या आकाराचे प्लग लावावेत. बाजारात मिळणारे छोटे बूस्ट कन्व्हर्टर ५ व्होल्टचे ९० करून देतात खरे, पण त्यांची फडफड मध्यम लहरींवर ऐकू येते आणि पुणे केंद्राच्या जागी सीऽऽ असा आवाज लागतो.

१९२० च्या सेटचे तत्त्व हेच, फक्त आकडे वेगळे. अॅटवॉटर केंटच्या त्या पाच व्हॉल्व्हना ५ व्होल्ट आणि मिळून सव्वा अँपिअर लागतात. मोबाइल चार्जरचे व्होल्ट तेच आहेत, पण त्याची खरखर या उघड्या सेटला सोसणारी नाही. साधा ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरच बरा. कर्ण्याच्या जागी आजचा स्पीकर लावायचा तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, कारण कर्ण्याचा रोध हजार-दोन हजार ओहम असे आणि तो थेट व्हॉल्व्हलाच जोडला जाई.

नवे भाग बसवले, आता सुरू करायचा का?

थांबा. जुना ट्रान्सफॉर्मर चोरीला गेला नसून जळाल्यामुळे काढला असेल, तर ज्या कारणाने तो जळाला ते कारण अजून आतच आहे. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा छोटा मेणकागदी कंडेन्सर. तो गळू लागला की ग्रिडवर धन व्होल्ट येतात, व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढतो आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर तापतात. हा कंडेन्सर न तपासता बदलावाच. मग ईएल ८४ च्या कॅथोडवरच्या १३५ ओहमच्या रोधावर मीटर लावायचा. सात व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. बारा दिसले तर लगेच बंद.

पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बल्ब वापरावा, म्हणजे ६० वॉटचा दिवा रेडिओच्या मालिकेत. क्षणभर उजळून मंद झाला तर चांगले. प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने ट्रान्सफॉर्मर वाचवला. यासाठी जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडी कामाचा नाही. आणि मागे व्होल्टेज बदलायची चकती असेल, तर ती वरच्या आकड्यावर ठेवावी. आपल्याकडे रात्री २४० च्या वर व्होल्ट जाणे नवलाचे नाही.

भाग बदलले की रेडिओची ‘किंमत’ जाते का?

संग्राहकांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मूळ भाग नसेल तर रिकामा ठेवा. दुसरा म्हणतो, वाजत नाही तो रेडिओ कसला. दोघांचेही समाधान होईल अशी वाट आहे. चेसिसला नवीन भोक पाडायचे नाही, पेटी कापायची नाही, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून आतच ठेवायचा आणि काय बदलले त्याची चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायची. नवा कंडेन्सर जुन्या डब्यात दडवता येतो. नवा स्पीकर जुन्याच भोकांवर प्लायवुडची कडी लावून बसतो. पुढे कधी मूळ भाग मिळाला, तर सगळे परत फिरवता येते. जे परत फिरवता येत नाही ते म्हणजे आतले सगळे काढून ब्लूटूथचे बोर्ड बसवणे. बाजारात असे ‘रेट्रो’ रेडिओ दिसतात. ती दुरुस्ती नव्हे, तो पेटीचा पुनर्वापर आहे. एका चांगल्या सेटचे भाग काढून दुसरा सजवणेही टाळावे. त्यासाठी पेटी कुजलेले, वाळवी लागलेले सेट जुन्या बाजारात मिळतात.

सुरू झालेल्या रेडिओवर ऐकायचे काय, हा प्रश्न खरा आहे. आकाशवाणीची देशातली अनेक मध्यम लहर प्रक्षेपणे बंद झाली आहेत, लघुलहरींवर तर आता फार थोडे उरले आहे. बिनाका गीतमाला ज्या लघुलहरींवरून यायची, त्या पट्ट्यात आज बहुतेक खरखरच मिळते. तरी रात्री, १५-२० फुटांची वायर गॅलरीत ताणून, घरातले चार्जर आणि एलईडी दिवे बंद केले, तर मध्यम लहरींवर लांबची केंद्रे लागतात.

दुसरा मार्ग रेडिओच्या पाठीवरच आहे. ग्रामोफोन जोडण्यासाठी ‘पिक-अप’ची दोन भोके बहुतेक सेटमध्ये असतात. मोबाइलच्या हेडफोनमधून निघणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींना प्रत्येकी एक किलो-ओहमचा रोध लावून त्या एकत्र करायच्या आणि तिथे जोडायच्या, की फोनमधले गाणे व्हॉल्व्हमधून वाजते. मात्र हे फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या, चेसिस मेन्सपासून वेगळा असलेल्या सेटवर. ‘यू’ व्हॉल्व्हच्या एसी/डीसी सेटच्या पिक-अपला फोन जोडला, तर फोनच्या धातूच्या कडेवर मेन्स येऊ शकते. खात्री नसेल, तर आधी मीटर २५० व्होल्टच्या वरच्या एसी रेंजवर ठेवावा, एक टोक चेसिसला आणि दुसरे घरातल्या अर्थिंगला लावावे, प्लग दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावा. एकदाही मेन्सच्या जवळपासचा आकडा दिसला, तर ती भोके रिकामीच ठेवावीत.